पावसाळी वाचन: ऐतिहासिक, रहस्य आणि भय. कोकणातल्या वाचकांनो, सुचवा

सुरंगी:

नमस्कार मंडळी. गुहागर तालुक्यातलं एक लहानसं वाचनालय आम्ही गावातली काही माणसं मिळून चालवतो. यंदा थोडी देणगी आली आहे. ती सगळी ऐतिहासिक कादंबऱ्या, रहस्यकथा आणि भयकथा यांवरच खर्च करायची असं ठरलंय, कारण मागणी त्यांनाच आहे. जूनमध्ये होड्या वर ओढून शाकारल्या की खलाशी मंडळी वाचायला येतात. लावणी आटपली की बायका येतात. गणपतीत मुंबईकर आले की त्यांची पोरं "काहीतरी घाबरवणारं द्या" म्हणून मागे लागतात. रात्री वीज गेलेली, कौलांवर पाऊस आणि कंदिलाजवळ धरलेलं पुस्तक, असं वाचायला कोकणाहून चांगली जागा महाराष्ट्रात नाही, हे मी मनापासून सांगते.

यादी करायला बसले तेव्हा तीन कप्पे आखले. आणि कोकणावरची जी पुस्तकं मला सगळ्यात प्रिय आहेत ती कुठल्याच एका कप्प्यात बसेनात. 'तुंबाडचे खोत' घ्या. श्री. ना. पेंडशांची ही कादंबरी १९८७ची, दोन जाड खंडांची. जगबुडी नदीच्या काठचं खोतांचं घराणं, त्याच्या चार पिढ्या. खोती कशी माजली आणि कशी ढासळली हे त्यात आहे, म्हणजे ऐतिहासिक. घरातली माणसं एकमेकांपासून काय लपवतात हेही आहे, म्हणजे रहस्य. आणि वाचताना त्या घरातल्या काही माणसांची जी धास्ती वाटते, ती मला कुठल्या भुताची वाटलेली नाही.

माझं मत असं झालंय की कोकणातली भीती जमिनीतून उगवते. हिस्सा, बांध, सामाईक विहीर, दोन भावांच्या भांडणात कुलूप लागलेलं घर, आजोबांच्या वेळेपासून कोर्टात पडलेला दावा. भूत येतं ते मागाहून, त्या कुलपाची राखण करायला. म्हणून अशी पुस्तकं सुचवा ज्यांत जागा खरी आहे. वर 'कोकणातील एक गाव' असं लिहायचं आणि गोष्ट मात्र कुठेही घडू शकेल अशी, तसली नकोत. परभाषेतून आलेलं चालेल, समुद्र, खाडी, सडा (म्हणजे कातळाचं पठार) यांच्याशी त्याचं नातं लागत असेल तर.

खाडीपलीकडे:

सुरंगीताई, धागा काढलात ते उत्तम. मी खेडकडचा, तेव्हा तुंबाडबद्दल बोलायचा हक्क मागून घेतो.

तुमच्याकडे येणारी मुंबईची पोरं 'तुंबाड' हा २०१८चा चित्रपट बघून आलेली असणार. त्यांना लगेच पेंडशांचे दोन खंड देऊ नका, निराश होतील. राही अनिल बर्वे यांच्या त्या चित्रपटाने पेंडशांकडून घेतलं ते नाव. त्यातल्या म्हातारीचं बीज आहे ते नारायण धारपांच्या 'आजी' या कथेत. तेव्हा पोरांच्या हाती आधी धारप द्या. भीती कशी एकेक पायरी चढत येते ते त्यांच्याकडेच बघावं. सुरुवातीची पानं अगदी साधी असतात. पाहुणा येतो, चहा होतो, जुन्या ओळखी निघतात, आणि एका वाक्यात एखादी वस्तू जिथे असायला हवी तिथे नसते. बस, तिथून सुटका नाही.

'लुचाई' अवश्य घ्या. स्टीफन किंगच्या 'सेलम्स लॉट'वरून ती बेतलेली आहे, पण धारपांनी ती आपल्या मातीत इतकी रुजवली आहे की मूळ वाचलेल्यालाही ती वेगळी वाटते. वाईट शक्तींशी लढणारे 'समर्थ' हे धारपांचं पात्र, त्यांच्या कथाही घ्या. धारपांची पुस्तकं मधल्या काळात मिळेनाशी झाली होती, साकेत प्रकाशनाने पुन्हा काढली, त्यामुळे आता अडचण नाही.

आता तुमच्या जमिनीच्या मुद्द्याबद्दल. तुमच्याशी शंभर टक्के सहमत, आणि त्यात भर घालतो. खोत म्हणजे सरकार आणि कूळ यांच्यामध्ये बसून सारा वसूल करणारा. मध्ये बसल्यामुळे दोन्हीकडचे हिशेब त्याच्याच हातात. डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक आणलं, आणि प्रत्यक्ष खोती निर्मूलनाचा कायदा झाला १९४९ साली. म्हणजे आज ऐंशीच्या घरात असलेल्या माणसाच्या वडिलांनी खोती भोगली आहे किंवा सोसली आहे. पडक्या वाड्याजवळून संध्याकाळी जाताना लोक पाय उचलून चालतात ते का, हे या इतिहासाखेरीज कळत नाही. पेंडसे वाचल्यावर धारपांचे वाडेही मला निराळे दिसायला लागले. म्हणून आधी धारप, मग पेंडसे, आणि जमलं तर परत धारप.

निळीशाई:

मी रत्नागिरीत कॉलेजला आहे. धारपांना +१.

पण फक्त धारप घेऊन थांबू नका. रत्नाकर मतकरींशिवाय कपाट पुरं होणार नाही. 'खेकडा' आणि 'मध्यरात्रीचे पडघम' हे दोन संग्रह तरी हवेतच. धारपांकडे वाईट शक्ती बाहेरून येते आणि तिच्याशी लढता येतं, समर्थ येतात, मंत्र असतो, प्रकाश असतो. मतकरींच्या गूढकथेत ती माणसाच्या आतच असते. शेजारची मुलगी, नवरा, घरी येणारा मित्र. दिवा लावून उपयोग नसतो. माझ्या आईला धारप चालतात, मतकरी मात्र ती दिवसाउजेडीच वाचते.

आमच्या इथलं जिल्हा नगर वाचनालय १८२८चं आहे. तिथे जुन्या दिवाळी अंकांमध्ये 'धनंजय' आणि 'नवल' चाळत बसायला मला फार आवडतं. रहस्य आणि भय यांची मराठीतली खरी शाळा या अंकांतच भरली. तुमच्या गावात कुणाच्या माळ्यावर जुने अंक पडून असतील तर मागून घ्या आणि वर्षावार बांधून ठेवा. फक्त कसर बघा. आपल्याकडची हवा पुस्तकांची वैरी आहे, कपाटात कापूर ठेवा आणि ऊन पडलं की पुस्तकं बाहेर काढा.

सोलकडी:

सुरंगीताई, माका इचारशात तर चिं. त्र्यं. खानोलकरांक पयलो मान. 'कोंडुरा' आणि 'रात्र काळी घागर काळी' नाय घेतलास तर त्या कपाटात कोकणच नाय. हयसर सगळ्यांक मालवणी कळात असा नाय, म्हणान फुडचा तुमच्या भाषेत लिवतंय.

खानोलकर वेंगुर्ल्याकडचे. कवितेत आरती प्रभू, गद्यात खानोलकर. कोंडुरा ही वेंगुर्ल्याजवळची खरी जागा आहे, समुद्र खडकाच्या कपारीत घुसतो आणि आवाज घुमतो. त्या जागेतून त्यांनी एक शक्ती उभी केली. साध्या माणसाला ती वर देते, आणि पुढे त्या वराचंच ओझं होतं. देवाने दिलं ते भलं की बुरं, आणि दिलं ते देवानेच का, हे त्या माणसालाही शेवटपर्यंत उमगत नाही. श्याम बेनेगलांनी १९७८ साली यावर चित्रपट केला, पण पुस्तकातला काळोख वेगळा. यापुढे सांगत नाही, वाचायची मजा जाईल.

आमच्या दक्षिण कोकणात भूत आणि देव यांच्यातली भिंत पातळ आहे. बाहेरच्या लेखकांना हे सापडत नाही, म्हणून त्यांची भयकथा फसते. आरवलीचा वेतोबा बघा. वेताळ म्हटलं की बाकी महाराष्ट्राच्या डोळ्यांपुढे स्मशान येतं. आमच्याकडे तो गावचा राखणदार. रात्री गावाभोवती फेरी मारतो आणि चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात अशी श्रद्धा, म्हणून नवस फेडायला लोक भल्यामोठ्या चामडी वहाणा वाहतात, केळ्यांचे घड वाहतात. आता सांगा, त्या वहाणांची भीती वाटायची की आधार? मला दोन्ही वाटतं. ज्या लेखकाला हे दोन्ही एकाच वाक्यात धरता येतं तोच आमचा. खानोलकरांना यायचं.

आणि कुणी लिहिणारे इथे असतील तर त्यांना एक विषय देतो. आचऱ्याची गावपळण. दर चार वर्षांनी रामेश्वराचा कौल घेऊन अख्खं गाव बाहेर पडतं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळं. वेशीबाहेर झोपड्या घालून तीन दिवस तीन रात्री काढायच्या. घरांना कुलपं, चुली थंड, देवळात कुणी नाही. मग परत कौल होतो आणि माणसं घरी येतात. बाहेर राहतात तेव्हा दुःख वगैरे काही नसतं हो. भजनं होतात, फुगड्या होतात, माशांचं जेवण होतं, पोरांना तर सणच. पण वेशीवर उभं राहून मागे बघितलं की आपलंच गाव, सगळी घरं उभी, आणि एकाही घरातून धूर नाही. त्या तीन रात्री गावात कोण नांदतं? याच्यावर कादंबरी झाली पाहिजे, आणि ती भुताची पण नको. मागे राहिलेल्या एका माणसाची हवी.

निळीशाई:

सोलकडीदादा, अंगावर काटा आला. मागे राहिलेला माणूस का राहिला, इथून ती रहस्यकथाही होते!

सोलकडी:

होय तर. म्हातारी आजारी आसा म्हणान रवलो काय कोणाची पेटी उघडूक रवलो, ता वाचकान ठरवूचा.

दर्यावर्दी:

मी दापोलीकडचा, नोकरीची सगळी वर्षं बोटीवर काढलेला निवृत्त माणूस. बोटीवर वाचन भरपूर होतं. खलाशांसाठी पुस्तकं हवीत असं ताईंनी लिहिलंय म्हणून सांगतो.

ब्रॅम स्टोकरचं 'ड्रॅक्युला' (१८९७) घ्या, मराठी अनुवादही आहेत. सगळे त्यातल्या किल्ल्याबद्दल बोलतात. मला त्यातला सगळ्यात भेदक भाग वाटतो तो 'डिमिटर' या जहाजाच्या कप्तानाची नोंदवही. काळ्या समुद्रातल्या वार्ना बंदरातून जहाज निघतं, माल म्हणजे मातीने भरलेली खोकी. मग एकेक खलाशी नाहीसा होत जातो. कप्तान रोज थोडक्यात, कामापुरतं लिहितो: वारा अमुक, आज एक माणूस कमी. शेवटी तो स्वतःला सुकाणूला बांधून घेतो आणि जहाज वादळात व्हिटबी बंदरात शिरतं, सुकाणूवर प्रेत. ज्याने मधल्या पाळीत एकट्याने पहारा केला आहे त्याला हे वाचताना काय होतं ते मी शब्दांत सांगू शकत नाही. स्टोकरने हे हवेतून आणलेलं नाही. १८८५ साली 'दिमित्री' नावाचं रशियन जहाज व्हिटबीलाच किनाऱ्यावर आपटलं होतं, ती हकिगत त्याने तिथे जाऊन ऐकली होती. सुरंगीताईंचं 'जागा खरी हवी' हे म्हणणं इथेही लागू पडतं.

आता इतिहास. पु. ल. देशपांड्यांनी मराठीत आणलेलं मनोहर माळगावकरांचं 'कान्होजी आंग्रे' घ्या. ते चरित्र आहे, कादंबरी नव्हे, पण कुठल्याही कादंबरीपेक्षा वेगाने वाचून होतं. इंग्रजांनी कान्होजींना चाचा, म्हणजे समुद्री लुटारू, म्हटलं. चाचा कसला? आपल्या किनाऱ्यावरून जायचं तर दस्तक, म्हणजे परवाना, घ्या, एवढंच ते मागत होते, आणि स्वतः इंग्रज आणि पोर्तुगीजही हेच करत होते. १७१७ साली इंग्रज विजयदुर्गावर आले आणि परतले, १७१८ साली खांदेरीवर आले आणि परतले, १७२१ साली पोर्तुगिजांना बरोबर घेऊन अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर आले आणि तिथूनही परतले. १७२९ साली कान्होजी गेले, तोवर या किनाऱ्यावर त्यांना कुणी हरवू शकलं नाही.

आणि त्यानंतरचं १७५६. विजयदुर्गाच्या खाडीत आंग्र्यांचं आरमार जळालं. समुद्रातून इंग्रजांची जहाजं, जमिनीवरून पेशव्यांची फौज. तुळाजी आंग्रे बंदी झाले. मराठ्यांनीच मराठ्यांचं आरमार संपवायला हात लावला, आणि त्यानंतर या किनाऱ्यावर इंग्रजांना अडवणारं कुणी उरलं नाही. मी बोटीवरून विजयदुर्ग पाण्याच्या बाजूने कितीदा तरी पाहिला आहे, आणि प्रत्येक वेळी ती जळणारी गुराबं आणि गलबतं डोळ्यांपुढे येतात. पेशव्यांवर आणि गडांवर एवढं लिहिलं गेलं, तसं समुद्रावर का नाही, याची मला मनापासून खंत आहे. गो. नी. दांडेकरांची 'दर्याभवानी' मात्र जरूर घ्या, त्यांच्या शिवकालावरच्या पाच कादंबऱ्यांपैकी समुद्राकडे तोंड असलेली तीच.

कातळसडा:

राजापूर तालुक्यात शिक्षक आहे. रहस्यकथांकडे अजून कुणी वळलं नाही म्हणून मी वळतो.

बाबूराव अर्नाळकर हवेत. हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिणारा हा माणूस, त्यांचे झुंजार, धनंजय, काळापहाड यांनी मराठी माणसाच्या दोन पिढ्यांना वाचनाची सवय लावली. मुंबईच्या गिरणीत कामाला गेलेला कोकणी माणूस गावी येताना ट्रंकेत जी पुस्तकं आणायचा त्यांत ही असायचीच. आज त्यांतली भाषा जुनी वाटेल, पण पान उलटायला लावणं म्हणजे काय ते त्यांच्याकडून शिकावं. नव्या वाचकाला सुहास शिरवळकर द्या. त्यांचे फिरोज इराणी आणि अमर विश्वास अजूनही कॉलेजची मुलं एका बैठकीत संपवतात. शाळकरी मुलांसाठी सत्यजित राय यांचा फेलूदा, अशोक जैनांचा अनुवाद. पुरीच्या समुद्रकाठी घडणारी एक गोष्ट त्या मालिकेत आहे, आपल्या मुलांना ती लगेच जवळची वाटते.

पण मला खरं सांगायचंय ते 'हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स'बद्दल. कॉनन डॉयलची ही कादंबरी १९०१-०२ मध्ये मासिकातून क्रमशः आली, मराठीत भालबा केळकरांनी शेरलॉक होम्स आणला. त्यात डार्टमूरचा जो उजाड पठारी प्रदेश आहे, धुकं, दलदल, मध्येच आदिमानवाची दगडी घरं, तो मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला वाटलं हा आमचा सडा आहे. जुलैत आमच्या सड्यावर ढग उतरतो. दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही. काळा कातळ, त्यावर पाण्याची डबकी, आणि पायाखाली कातळात कोरलेला हत्ती. हो, खरोखरचा हत्ती, राजापूरजवळ कशेळीच्या सड्यावर आहे, इतका भव्य की जवळ उभं राहून तो कळतच नाही, लांब जाऊन पाहावा लागतो. बारसू, देवाचे गोठणे, उक्षी, सगळीकडे अशी कातळशिल्पं आहेत. कुणी कोरली, कधी, कशासाठी, यावर अभ्यास चालू आहे आणि २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत ती गेली. गावकऱ्यांनी मात्र त्यांना कधीच नावं देऊन ठेवली होती, कुठे पांडवांची चित्रं, कुठे आणखी काही.

मुद्दा असा की डॉयलच्या त्या कादंबरीत कुत्र्याची दंतकथा आहे, आणि ती दंतकथा वापरून कुणीतरी एका घराण्याची मालमत्ता गिळायला बघतोय. म्हणजे सुरंगीताईंचा सिद्धांत डार्टमूरलाही लागू! भूत पुढे, मागे सातबारा. मी नववीच्या मुलांना हे पुस्तक वाचून दाखवतो, आणि दंतकथेचा भाग आला की थांबून विचारतो, यातून फायदा कुणाचा? मुलं अशी काही उत्तरं देतात की मलाच आश्चर्य वाटतं. भयकथा आणि रहस्यकथा एकाच पुस्तकात कशा नांदतात हे दाखवायला याहून चांगलं पुस्तक मला माहीत नाही.

मांडवाजेट्टी:

सगळ्यांचं वाचलं, आनंद झाला. तरी एक विरोधी सूर लावतो, राग मानू नका.

कोकण म्हटलं की भुतं, हे आम्हाला चिकटवलं कुणी? मालिकांनी आणि चित्रपटांनी. आकेरीच्या वाड्यात झालेली 'रात्रीस खेळ चाले' ही मालिका आली तेव्हा सिंधुदुर्गातल्या कितीतरी लोकांना ते मुळीच रुचलं नव्हतं, आणि त्यांचं बरोबर होतं. गावात खरोखर अंगात येणं, करणी, उतारा यांवर पैसा उधळणारे लोक आहेत. २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला तो उगीच नाही. गावच्या वाचनालयाने देणगीचा एवढा मोठा हिस्सा भयकथांवर घालावा का, याचा विचार करा.

त्यापेक्षा आमच्या किनाऱ्याचा खरा इतिहास भयकथेहून भयंकर आहे. अलिबागजवळ चरी गावात १९३३ ते १९३९ शेतकऱ्यांनी संप केला, खोतांच्या जमिनी कसायला नकार दिला. नारायण नागू पाटलांनी नेतृत्व केलं. एवढी वर्षं जमीन पडीक ठेवून माणसं काय खाऊन जगली? मोळ्या विकून, करवंदं विकून. दुसरं, रामदास बोट. १७ जुलै १९४७, गटारी अमावास्या. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट वाटेत बुडाली, सहाशेहून जास्त माणसं गेली. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. आमच्याकडे अशी घरं आहेत जिथे गटारी अजूनही साजरी होत नाही. यावरची पुस्तकं आणा.

आणि कादंबरीच हवी तर 'पडघवली'. गो. नी. दांडेकरांची १९५५ची. अंबावहिनीच्या तोंडून सांगितलेली, एक गाव हळूहळू ओस पडत जातं त्याची. त्यात व्यंकूभावजी जे करतो त्याला भुताची गरज लागत नाही.

सुरंगी:

दादा, राग कसला, उलट बरं झालं बोललात. 'पडघवली' आमच्याकडे आहे आणि तिची पानं निसटायला आली आहेत इतकी वाचली गेली आहे. नवी प्रत घेणारच. चरीचा संप आणि रामदास बोट, दोन्हींवर जे मिळेल ते शोधते.

भयकथेबद्दल मात्र तुमच्याशी सहमत नाही. आमच्या वाडीत एक आजी होती, तिला शेकडो भुतांच्या गोष्टी यायच्या. ती स्वतः अमावास्येच्या रात्री एकटी कंदील घेऊन खाडीवर कुर्ल्या धरायला जायची. गोष्ट सांगणारा घाबरट असतो असं नाही. ज्याला भीती शब्दांत मांडता येते त्याला ती हाताळताही येते, आणि भगताकडे जातात ती माणसं मला तरी पुस्तकं वाचताना दिसली नाहीत. वाचनालयात धारप मागणारा मुलगा पुढच्या आठवड्यात होम्स मागतो आणि दिवाळीत पेंडसे. ही वाट मी डोळ्यांनी पाहिली आहे. भयकथा हा तिचा उंबरठा, तो काढून टाकला तर घरात शिरणार कुठून?

मांडवाजेट्टी:

कंदिलाच्या आजीपुढे मी काय बोलणार! पण कपाटावर धारपांच्या शेजारी जादूटोणाविरोधी कायद्याची सोप्या भाषेतली एखादी पुस्तिका ठेवा, एवढं ऐका.

सुरंगी:

नक्की ठेवते. ही सूचना आवडली.

निळीशाई:

इंग्रजी वाचणाऱ्यांसाठी एक राहिलंच. अमिताव घोष यांचं 'द ग्लास पॅलेस'. ब्रह्मदेशाचा थिबा राजा १८८५ साली पदच्युत झाला, १८८६ मध्ये त्याला रत्नागिरीला आणलं, आणि १९१६ साली तो इथेच वारला, त्याचा राजवाडा १९१० मध्ये पुरा झाला. कादंबरीचा मोठा भाग रत्नागिरीत आहे. राजा उंचावरून दुर्बिणीने समुद्रावरच्या होड्या न्याहाळत बसतो, आणि गावातल्या लोकांना होड्यांची खबर त्याच्याकडून लागते. मी रोज त्या राजवाड्यावरून कॉलेजला जाते. आपल्या गावात एक अख्खं परकं राजघराणं तीस वर्षं कैदेत होतं, त्यांच्या मुली इथे वाढल्या, इथली भाषा बोलल्या, हे मला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं, कादंबरीने सांगितलं. ऐतिहासिक कादंबरी म्हणजे फक्त लढाया नव्हेत, अशीही एक तुमच्या कपाटात असू द्या.

खाडीपलीकडे:

वा, हे फार चांगलं सुचवलंस ग.

इतिहासाच्या कप्प्यात हरिभाऊ आपट्यांचं 'उषःकाल' विसरू नका. लोक जुनं म्हणून बाजूला ठेवतात. त्यात भुयारं आहेत, वेषांतरं आहेत, गुप्त खलबतं आहेत, आज ज्याला थरारकथा म्हणतात ते सगळं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हरिभाऊंनी करून ठेवलंय. त्याहून मागे जायचं तर गुंजीकरांचं 'मोचनगड', १८७१चं, मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी. ती अभ्यासू वाचकापुरती एक प्रत पुरे. बाकी 'स्वामी', 'श्रीमान योगी', 'पानिपत' तुमच्याकडे असतीलच.

सुरंगी:

आहेत, आणि तिन्ही सतत बाहेर असतात.

पुस्तकांची मागणी उद्या पाठवते. धारप, मतकरी, खानोलकर पहिल्या खेपेत, अर्नाळकर जे मिळतील ते. आणि तुमचं सगळं वाचून आमच्या मंडळींनी ठरवलंय की होड्या शाकारलेल्या आहेत तोवर एका संध्याकाळी वाचनालयात मोठ्याने वाचन ठेवायचं. खलाशी मंडळींना यायला सोपं जाईल अशी वेळ. दर्यावर्दीकाका, डिमिटरची नोंदवही तुम्ही वाचाल का? मराठीत, तुमच्या पद्धतीने.

सोलकडी:

आणि 'कोंडुरा'तला एक उतारो माका द्या. येवक गाडी लांबची आसा, पण येतंलय.

दर्यावर्दी:

वाचेन. आनंदाने वाचेन. नोंदवहीचा भाग अर्ध्या तासात होतो, मध्ये थांबायचं नाही आणि चहा आधी उरकून घ्यायचा, एवढी अट. आषाढी एकादशीनंतरचा रविवार ठेवा. मी दाभोळहून धोपाव्याची फेरीबोट धरून येतो, परतीला शेवटची बोट चुकली तर राहायची सोय करा.